अमावास्या संपण्याआधी

माझी धाकटी नणंद सत्तावीस वर्षं डोंबिवलीत एका पॅथॉलॉजी लॅबच्या काउंटरवर होती. मालकांनी स्वतःचं वय झालं म्हणून लॅब बंद केली, तेव्हा तिला ग्रॅच्युइटीची रक्कम एकदम हातात मिळाली. तिने लग्न केलेलं नाही. सासूबाई, ज्यांना मीही आई म्हणते, तिच्याकडेच राहतात. आमच्या घरातल्या प्रत्येक सहलीला ती असायची, पण कुणाच्या तरी गाडीत उरलेल्या जागेवर आणि कुणाच्या तरी खोलीत जादा गादी टाकून. खर्चाची वाटणी व्हायची तेव्हा माझा नवरा, म्हणजे तिचा मोठा भाऊ, "तिचं राहू दे" म्हणायचा. चांगल्या मनानेच म्हणायचा. त्यावर ती उठून चहाचे कप आवरायला लागायची.

पैसे हातात आल्यावर तिने सांगून टाकलं की डिसेंबरच्या सुट्टीत सगळ्यांना कोकणात ती नेणार. चौदा माणसं, तीन रात्री, समुद्राजवळ बंगला आणि सगळा खर्च तिचा. निम्मे मी देतो असं नवऱ्याने म्हणताच ती म्हणाली, "दादा, एकदा तरी मला यजमान होऊ दे." फोन स्पीकरवर होता. त्याने विषय सोडला.

एका रविवारी ती आमच्याकडे ठाण्यात बाळकुमला आली ती बंगल्याचे फोटो घेऊनच. गुहागरच्या पुढे एका गावात, उतरत्या कौलांचा, पुढे नारळाची झाडं, मागे समुद्र. इंटरनेटवर शोधता शोधता सापडलेला. मालकाशी बोलणं झालं होतं. माणशी एका रात्रीचे पंधराशे, त्यात चहा-नाश्ता आणि दोन वेळचं जेवण, मासेसुद्धा. चौदा माणसं, तीन रात्री, म्हणजे त्रेसष्ट हजार. तिने ते मला असं सांगितलं, जसं एखादं मूल पहिल्यांदा न चुकता पाढा म्हणून दाखवतं.

मी कोलशेतच्या एका कारखान्यात स्टोअर सांभाळते. कागदावर चारशे बेअरिंग लिहिली असली तरी रॅकपाशी जाऊन मोजल्याशिवाय मी सही करत नाही. ही सवय घरीही सुटत नाही. त्या रविवारी फोटो बघता बघता मी जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या मोजल्या. एका फोटोत सहा होत्या. दिवाणखान्याच्या फोटोत तेच टेबल दिसत होतं, तिथे आठ. फरशीही वेगळी होती, एकीकडे लाल कोबा आणि दुसरीकडे चकचकीत टाइल्स. बाहेरून कौलारू दिसणाऱ्या घराच्या एका खोलीला आमच्या सोसायटीत असतात तशा सरकत्या अॅल्युमिनियमच्या खिडक्या होत्या. आणि नाताळच्या आठवड्यात, समुद्रावर, माशांच्या जेवणासकट पंधराशे रुपये? आदल्या वर्षी आम्ही जूनमध्ये, भर पावसात, नुसत्या खोलीचे त्याहून जास्त दिले होते.

हे सगळं माझ्या मनात आलं आणि मी बोलले नाही. त्यालाही कारण होतं. काही वर्षांपूर्वी तिने आईंसाठी पलंग घेतला होता. घरी पाहुणे असताना मी सहज म्हणून त्याचं बिल पाहिलं आणि दुकानदाराने तिच्याकडून वाहतुकीचे पैसे दोनदा घेतल्याचं सर्वांसमोर सांगितलं. पैसे परत मिळाले. पण त्यानंतर कितीतरी महिने ती माझ्याशी कामापुरतंच बोलत होती. घरात मला "ऑडिट" म्हणतात, ते तेव्हापासून. त्या रविवारी तिच्या चेहऱ्याकडे बघून मला वाटलं, आज ऑडिट नको. मी म्हटलं, "छान आहे गं."

सोमवारी तिने एकवीस हजार आगाऊ पाठवले.

बुधवारी संध्याकाळी तिचा फोन आला. आवाजात विजय होता. त्या माणसाने दुपारी उरलेले बेचाळीस हजार मागितले होते, आणि वर दहा हजार अनामत, जाताना परत मिळणारी. नाताळची गर्दी आहे, दुसरी पार्टी थांबली आहे, म्हणून आजच्या आज. पण बुधवारी सकाळीच अमावास्या लागली होती. आमच्या सासरी अमावास्येला मोठा व्यवहार करत नाहीत. साधी कढईसुद्धा विकत आणत नाहीत. नणंदेने त्याला तसं सांगितलं. तर तो म्हणाला, ताई, बरं झालं आठवण केलीत, मीही आज घेणार नव्हतो, उद्या सकाळी अमावास्या संपली की पाठवा.

"बघ," ती मला म्हणाली, "लबाड माणूस येणारा पैसा थांबवेल का कधी?"

तिचा तर्क मला कळत होता. खरं सांगायचं तर क्षणभर मलाही तो पटला. आपल्यासारखाच तिथी मानणारा माणूस, म्हणजे घरंदाज असणार. मग मी विचारलं, पैसे कुणाच्या खात्यावर गेले? तिने वाचून दाखवलं. मालकाचं आडनाव एक, खात्यावरचं नाव भलतंच, कुठल्यातरी मोबाइल अॅक्सेसरीजच्या दुकानाचं. तिने त्यालाही हे विचारलं होतं. मेहुण्याचं खातं आहे, असं तो म्हणाला होता.

मी म्हटलं, त्याला व्हिडिओ कॉल करून गेटपाशी उभं राहायला सांग. तेही तिने केलं होतं. गावात रेंज नाही, असं उत्तर मिळालं होतं. रेंज नाही आणि माणूस दिवसातून तीनदा फोनवर बोलतो. पण हे मी तिला सांगितलं नाही. एवढंच विचारलं की उद्या किती वाजता पाठवणार आहेस.

"कॅलेंडरमध्ये नऊ बावीस दिलंय. नऊ तेवीसला पाठवणार."

फोन ठेवल्यावर मी नकाशा उघडला. बंगल्याचा पत्ता खरा होता, छपरासकट दिसत होता. त्याच्या अलीकडे रस्त्यालगत एक पिठाची गिरण होती. कुणीतरी तिचा फोटो टाकला होता, पाटीवर नंबर होता. मी लावला. वाजून वाजून बंद झाला. पुन्हा लावला. गिरण बंद झाली असणार. नवऱ्याला सांगितलं तर तो लगेच बहिणीला फोन करून मोकळा होईल, आणि माझं खरं ठरो की खोटं, तिची सहल तिथेच दादाची होईल. म्हणून त्यालाही सांगितलं नाही. पण स्वतःशी ठरवलं की नऊ वाजेपर्यंत काहीच कळलं नाही, तर जे वाटतंय ते तिला स्पष्ट सांगायचं. मग ती माझ्याशी वर्षभर बोलली नाही तरी चालेल.

गुरुवारी कामावर पोचल्या पोचल्या मी स्टोअरच्या मागच्या शेडमध्ये जाऊन नंबर लावला. आठ अठ्ठेचाळीस झाले होते. पलीकडे गिरणीचा खडखडाट आणि त्यातून एका बाईचा आवाज. थांबा, गिरण बंद करते, असं ती ओरडून म्हणाली. पट्टा थांबेपर्यंत मी घड्याळाकडे बघत होते.

मी कोण, कुठून बोलते, सगळं सांगितलं. बंगला नाताळसाठी घेतलाय, तुमच्या शेजारचाच ना, असं विचारलं.

 ती म्हणाली, "बाय, तुमी तिसऱ्या."

बंगला आहे, पण तो भाड्याने कधीच देत नाहीत. मालक म्हातारे आहेत, मे महिन्यात येतात, किल्ली तिच्या नवऱ्याकडे असते. दिवाळीत एक गाडी आली होती, लहान पोरांसकट. गेटवर उभे राहून फोन लावत बसले. मग तिनेच त्यांना घरी नेऊन भाकरी घातली. त्याआधी एक जोडपं आलं होतं, ते तर तिच्यावरच चिडले. मालकांनी पोलिसात कळवलंय म्हणाली.

मला तिचं म्हणणंही तपासायला हवं होतं. तीच खोटं सांगून गिऱ्हाईक दुसऱ्या कुणाकडे वळवत नसेल कशावरून? मी विचारलं, गेटमधून आत गेल्यावर पहिलं काय दिसतं, जे फोटोत नसेल. ती हसली. उजव्या हाताला आंब्याखाली मोठी होडी पालथी घातलेली आहे, मालकांच्या वडलांची, तिच्यावर पत्रे टाकलेत. दुसऱ्या मिनिटाला तिने गिरणीच्या दारातून त्या गेटचा फोटो पाठवला. गजांमधून होडीचा अर्धा भाग दिसत होता.

आठ सत्तावन्न. मी नणंदेला फोन लावला. ती दुसऱ्या कॉलवर होती. पुन्हा लावला, पुन्हा तेच. सकाळी या वेळेला ती कुणाशी बोलत असेल, हे सांगायला कुणी नको होतं. मेसेज टाकला, पैसे पाठवू नकोस, मला फोन कर. दोन टिक्स आल्या, निळ्या होईनात. नऊ तीन, नऊ पाच, नऊ आठ. शेवटच्या वेळी घंटी पूर्ण वाजली आणि तिने उचलला नाही. म्हणजे फोन बाजूला ठेवून ती कुठेतरी गेली होती किंवा मुद्दाम उचलत नव्हती.

आईंकडे बटणांचा छोटा फोन आहे. त्यांना कमी ऐकू येतं, म्हणून आम्ही सहसा त्यावर बोलत नाही. मी लावला. त्या देवघरात बसल्या होत्या. मला शेडमध्ये जोरात बोलावं लागलं, आजूबाजूची माणसं बघायला लागली.

"आई, तो बंगल्याचा माणूस चोर आहे. तिला पैसे पाठवू देऊ नका. मी निघालेय."

त्यांनी फक्त विचारलं, "तिला सांगू का तू सांगणार?"

"मी सांगते. तुम्ही फक्त थांबवा."

पुढचं मला नंतर कळलं. आईंनी लेकीला हाक मारून सांगितलं की भिंतीवरच्या कॅलेंडरवर काय विश्वास, आपल्या पंचांगात अमावास्या अकरा चाळीसला संपते. ती म्हणाली, दाखव. पंचांग देवघरात होतं. आई म्हणाल्या, पूजा झाल्याशिवाय त्याला हात लावायचा नाही. मग त्यांनी पूजा सुरू केली. एरवी वीस मिनिटांत उरकणारी बाई त्या दिवशी प्रत्येक देवाला वेगळं पुसत बसली. लेक दोनदा दाराशी येऊन उभी राहिली. आईंनी मान वर केली नाही.

मी अर्ध्या दिवसाची रजा लिहून स्कूटर काढली. माजिवड्याहून नाशिक हायवे धरला. माणकोलीपर्यंत ट्रकांच्या मधून जाताना एकच आकडा डोक्यात होता, बावन्न हजार. खाडीवरच्या नव्या पुलाला लागले तेव्हा नऊ पन्नास झाले होते. पुलावर मी क्षणभरही थांबले नाही, पण मोठागावला उतरल्यावर सिग्नलला फोन बघितला. तिचा मेसेज आला होता. "का?" एवढाच. ते वाचून मला थोडा श्वास घेता आला. पैसे पाठवले असते, तर तिने का म्हणून विचारलं नसतं.

दार तिनेच उघडलं. माझा अवतार बघून तिला सगळं कळलं असावं, पण ती हटली नाही.

"आईला तूच सांगितलंस ना पंचांगाचं?"

"पंचांगाचं नाही. ते त्यांचं."

देवघरातून आईंचा घंटेचा आवाज आला, जरा जास्तच जोरात.

मी गिरणीवालीची हकीकत सांगितली. होडीचा फोटो दाखवला. ती फोटोकडे न बघता माझ्याकडे बघत राहिली. मग म्हणाली की कुणीतरी गिरणीतली बाई खरी आणि तिच्याशी तीन दिवस बोलणारा माणूस खोटा, हे मी कसं ठरवलं. "वहिनी, हा तुझ्या स्टोअरमधला माल नाहीये. दादाने बुक केलं असतं तर गेली असतीस का तू अशी धावत?"

 गेले असते, पण ते त्या क्षणी तिला पटवता आलं नसतं. मी म्हटलं, माझं ऐकू नकोस, त्याला विचार. गेटमधून आत गेल्यावर उजव्या हाताला काय आहे, एवढंच विचार.

तिने हातातल्या फोनकडे पाहिलं. लॅबमध्ये रिपोर्ट देताना ती ओळखीच्या माणसालाही नाव, वय आणि डॉक्टर विचारायची, आणि तिन्ही जुळल्याशिवाय पाकीट पुढे करायची नाही. शेजारीपाजारी चिडायचे तिच्यावर. तिने खुर्ची ओढली, फोन टेबलावर ठेवला आणि स्पीकर चालू केला.

त्याने पहिल्या घंटीला उचलला. ताई, संपली का अमावास्या, पाठवताय ना?

"पाठवते. आई ऐंशीच्या पुढची आहे, तिला गेटपासून चालायचंय. आत आल्यावर उजव्या हाताला काय आहे हो?"

"पार्किंग आहे ताई. चार गाड्या लागतात."

"उजव्या हाताला ना?"

"हो हो, उजव्या हाताला. सिमेंटचं आहे, आजींना काही त्रास नाही."

"आणि आंब्याचं झाड?"

जरा थांबून तो म्हणाला, "झाड मागे आहे."

तिने पहिल्यांदा माझ्या मोबाइलवरचा होडीचा फोटो नीट पाहिला. तिचा आवाज चढला नाही, काउंटरवरचा झाला. शेजारी गिरण आहे तिथल्या बाईंना फोन देता का, असं तिने विचारलं. तो म्हणाला, गिरण वगैरे काही नाही. ती म्हणाली, नकाशात दिसते. मग तो चिडला. एवढा संशय असेल तर बुकिंग रद्द, एकवीस हजार परत मिळणार नाहीत, दुसरी पार्टी तयार आहे, पाच मिनिटं देतो. ती म्हणाली, पाच मिनिटं नकोत. त्यानंतर तो तिला अरे-तुरे करायला लागला, आणि काही शब्द असे बोलला की आई देवघरातून उठून दाराशी आल्या. फोन त्यानेच बंद केला. पुन्हा लावला तेव्हा नंबर लागत नव्हता.

पुढचा तासभर आम्ही दोघी फोनवरच होतो. सायबर तक्रारीच्या हेल्पलाइनवर माहिती दिली, तक्रारीचा क्रमांक लिहून घेतला. बँकेला कळवलं, त्याचे सगळे मेसेज आणि खात्याचा तपशील जपून ठेवला. हेल्पलाइनवरच्या माणसाने सांगितलं की पहिल्या काही तासांत कळवलं असतं तर रक्कम अडवण्याची शक्यता जास्त होती. सोमवार होऊन तीन दिवस झाले होते. ते एकवीस हजार अजून आलेले नाहीत.

मग ती म्हणाली, "आता दादाला काय सांगायचं?"

तेव्हा मी तिला सांगितलं की मला रविवारीच शंका आली होती. खुर्च्या सहा आणि आठ, फरशी, खिडक्या, भाव, सगळं. मी तेव्हा बोलले असते, तर सोमवारी पैसे गेले नसते.

 आई आमच्या दोघींच्या मधे भिंतीला टेकून उभ्या होत्या.

"भाजीवाल्याने दोन रुपये जास्त घेतले तर त्याला जिन्यावरून हाक मारतेस तू," ती म्हणाली. "आणि मला बोलली नाहीस."

"तू इतकी आनंदात होतीस."

"माझ्या आनंदाची एवढी काळजी, की मला वेड्यासारखं पैसे पाठवू दिलेस. दादा 'तिचं राहू दे' म्हणतो ना, तसंच झालं हे. फरक काय?"

 फरक नव्हताच. एकवीस हजारांतले निम्मे मी देते, असं ओठावर आलं होतं, ते गिळलं. त्याने तिचं काहीच परत मिळालं नसतं.

तिने घरच्या ग्रुपवर लिहिलं. दोनदा खोडलं. शेवटी पाठवलं ते मला पाठ आहे. "बंगल्याचं बुकिंग फसवणूक निघाली. एकवीस हजार गेले. सहल होणार आहे, जानेवारीत. जागा मी स्वतः जाऊन बघणार. कुणीही पैसे देऊ करू नयेत." मिनिटभरात भावाचा फोन आला. तिने तो मला दिला आणि म्हणाली, लिहिलंय तेवढं वाच म्हणावं.

दोन आठवड्यांनी, शनिवारी, ती आणि मी गुहागरला गेलो. तिने मला बोलावलं नव्हतं. येतेस का, असं सहज विचारलं होतं, तेही ठरलेल्या दिवसाच्या आदल्या संध्याकाळी. तिने तीन जागांचे पत्ते काढले होते. एक गिरणीवालीने सुचवलेली होती, तिच्या नातेवाइकांची, आणि तीच तिने सर्वांत कसोशीने तपासली. चार खोल्या, साधी कौलं, समुद्र दिसत नाही, पण ऐकू येतो. तिने घरमालकिणीकडे विजेचं बिल मागितलं, त्यावरचं नाव आणि बँकेच्या खात्यावरचं नाव ताडून पाहिलं. गाद्या मोजल्या. आईंसाठी कमोड आहे का, त्याला धरायला दांडा आहे का, तेही बघितलं. नळ सोडून पाहिले. घरमालकीण चिडली नाही, उलट म्हणाली, सगळे असे विचारतील तर बरं.

मग ओटीवर बसून ती घरमालकिणीशी पैशाचं बोलायला लागली. घरमालकिणीने आगाऊ किती देणार म्हणून विचारलं. नणंदेने माझ्याकडे एकदा पाहिलं. मी उठले आणि परसात सुपारीची झाडं आहेत ती बघायला गेले. आतून दोघींचे आवाज येत होते, शब्द लागत नव्हते. परत आले तेव्हा ती पर्स बंद करत होती आणि घरमालकीण चहा टाकायला आत गेली होती.

तिने किती आगाऊ दिले, ते मला आजही माहीत नाही.